तीनशे अश्वशक्ती आणि तळहाताएवढे रबर : शर्यतीच्या मोटारसायकलीमागचे अभियांत्रिकी

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

मोटोजीपी या मोटारसायकलींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेच्या शर्यती पाहताना मनात बरेच दिवस घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडतो. शोरूममधून विकत घेता येणाऱ्या हजार सीसीच्या सुपरबाइकची शक्ती आज दोनशे अश्वशक्तीच्या आसपास असते. मोटोजीपीच्या गाडीचे इंजिनही हजार सीसीचेच असते, त्याला चारपेक्षा अधिक सिलिंडर चालत नाहीत आणि सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ८१ मिलिमीटरपेक्षा मोठा ठेवता येत नाही. तरीही त्याची शक्ती २७० ते ३०० अश्वशक्ती असल्याचे मानले जाते. नेमका आकडा कोणतीच कंपनी सांगत नाही. २०२३ मध्ये इटलीतील मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने केटीएमच्या गाडीवर ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला होता.

ही शक्ती इंजिनातून कशी काढतात, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. माझा प्रश्न मात्र उलट टोकाकडून आहे. मागच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. तेवढ्या रबरातून एवढी शक्ती रस्त्यावर उतरते तरी कशी? आणि चारही सिलिंडरमधले इंधन समान अंतराने पेटवणे सहज शक्य असताना, काही कंपन्या मुद्दाम असमान अंतराने का पेटवतात? नांदेडचे गोदातीर सर आणि वाळूजच्या मंडळींनी सवडीने, पण सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदातीर (नांदेड)

प्रश्न योग्य टोकाकडून विचारला आहे, म्हणून आधी आकडेमोडच करू. गाडीचे किमान वजन नियमाप्रमाणे १५७ किलो असते. स्वार, त्याचा चामडी पोशाख आणि टाकीतले इंधन धरून एकूण २४० किलो समजू. २८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २०९ किलोवॉट. शक्तीला वेगाने भागले की मागच्या चाकावरचा रेटा मिळतो. ताशी १५० किलोमीटरला, म्हणजेच सेकंदाला ४१.७ मीटरला, पूर्ण शक्ती मिळत असल्याचे धरले तर हा रेटा पाच हजार न्यूटन भरतो. २४० किलो वजनाला तो गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून अधिक त्वरण देऊ शकेल.

आता दुसरी बाजू पाहा. मोटारसायकलचा गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकणीपासून जितका पुढे असतो, जवळपास तितकाच तो जमिनीपासून वर असतो. त्यामुळे त्वरण १ जीच्या, म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढ्या मापाच्या, जवळ गेले की पुढचे चाक उचलू लागते. म्हणजेच या वेगाला इंजिनाकडे जो रेटा आहे त्याच्या निम्म्याहून अधिक रेटा वापरताच येत नाही, मग टायर कितीही चांगला असो. शक्ती कमी पडते ती केवळ लांब सरळ पट्ट्याच्या शेवटच्या भागात, जिथे हवेचा रोध सगळा रेटा खाऊन टाकतो.

ही झाली सरळ रस्त्याची गोष्ट. वळणावर हिशेब आणखी कडक होतो. टायरची रुंदी सोडून दिली, तर झुकण्याच्या कोनाचा टॅन हा वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार एवढा असतो. गाडी ६० अंश झुकली की टॅन १.७३ येतो, १०० मीटर त्रिज्येच्या वळणासाठी वेग ताशी १४८ किलोमीटर निघतो. ४५ अंश झुकणारी गाडी त्याच वळणातून ताशी ११३ किलोमीटरनेच जाईल. आज मोटोजीपीत ६० अंशांहून अधिक झुकणे ही रोजची बाब आहे. परंतु टायरची एकूण पकड ठरावीक असते, आणि ती वळण्यासाठी खर्ची पडली की वेग वाढवण्यासाठी काही उरत नाही. स्वार गाडी जसजशी उभी करतो तसतशी पकड मोकळी होत जाते आणि तेवढ्याच मापाने थ्रॉटल उघडता येतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की शर्यतीची गाडी टायरपासून मागे मागे रचत आणावी लागते. इंजिनाचे पेटण्याचे अंतर, चॅसिसची (गाडीच्या चौकटीची) लवचीकता, गिअरबॉक्स, हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे पंख आणि संगणक या सर्वांना एकच काम असते: टायरवर येणारा भार धक्क्याविना चढवणे आणि उतरवणे. असमान फायरिंगवर, म्हणजे असमान अंतराने पेटवण्यावर, स्वतंत्र प्रतिसाद लिहितो.

तिसरी पाळी (वाळूज)

सरांचे म्हणणे मान्य करून इंजिनाची बाजू मांडतो, कारण तेही फुकट मिळालेले नाही. बोअर ८१ मिलिमीटर ठेवला तर हजार सीसीसाठी स्ट्रोक ४८.५ मिलिमीटर येतो, म्हणजे पिस्टन रुंदीला मोठा आणि त्याची धाव अगदी आखूड. इंजिन मिनिटाला १८ हजार फेरे फिरते असे धरले, तर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २९ मीटर पडते आणि प्रत्येक सेकंदाला तो ६०० वेळा थांबून दिशा बदलतो. वरच्या टोकाला त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दहा हजार पटींहून अधिक असते. पिस्टन, त्याला रॉडशी जोडणारी गजन पिन आणि रिंगा मिळून समजा २०० ग्रॅम वजन असेल, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर दोन टनांहून अधिक ओढ येते. आमच्या मशीन शॉपमध्ये हा आकडा सांगितला, तेव्हा जुन्या फोरमन साहेबांनी फक्त रॉडच्या बोल्टांविषयी विचारले, आणि तोच खरा प्रश्न आहे.

असा एक पिस्टन मला औद्योगिक प्रदर्शनात काचेआड पाहायला मिळाला. आपल्या रोजच्या गाडीच्या पिस्टनचा स्कर्ट भरपूर खाली उतरलेला असतो, आणि त्याच्याच आधाराने पिस्टन सिलिंडरमध्ये सरळ राहतो. येथे स्कर्ट जवळजवळ नव्हताच. दोन बाजूंना बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे ठेवून उरलेला सगळा कापून टाकलेला होता. पिन आखूड आणि पोकळ होती. उलटा करून ठेवल्यामुळे आतल्या बारीक फासळ्या दिसत होत्या, आणि प्रत्येक कोपऱ्याला गोलाई होती, कारण जिथे टोकदार कोपरा राहतो तिथूनच तडा सुरू होतो.

व्हॉल्व्हची अडचण निराळी आहे. १८ हजार फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला १५० वेळा उघडून मिटतो. साधी स्टीलची स्प्रिंग या वेगाला कॅमच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) मागे राहते, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याला गाठतो. त्यावर बहुतेक कंपन्यांनी स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू वापरला. डुकाटीने आपली जुनी डेस्मोड्रोमिक पद्धत सोडली नाही. तिच्यात व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि मिटवायला दुसरा कॅम असतो. अभियंते फाबियो तालिओनी यांनी ही रचना डुकाटीच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीत १९५६ मध्ये आणली, आणि ती आजही पहिल्या रांगेत उभी आहे. माझ्या दृष्टीने हे यंत्रशास्त्रातले मोठे आश्चर्य आहे.

एक गोष्ट आपल्या भागाविषयी. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यापासून या परिसराने जी विद्या कमावली ती लाखो एकसारखे भाग स्वस्तात आणि बिनचूक काढण्याची आहे. शर्यतीची विद्या नेमकी उलट असते: मोजकेच भाग, सगळे मशीनवर कोरून काढलेले, आणि किमतीचा विचार शेवटी. परंतु हंगामभराला सात-आठच इंजिने मिळतात आणि मोहोरबंद इंजिन संघाला मधेच उघडता येत नाही, म्हणून टिकाऊपणाचा धाक तिथेही आहे. दोन्ही विद्यांना जोडणारे पूल तयार होत आहेत. वाळूजच्या एन्ड्युरन्सने २०२० मध्ये इटलीची ॲडलर ही क्लच बनवणारी कंपनी विकत घेतली, हे त्याचे एक उदाहरण.

दुधना (जालना)

गोदातीर सरांनी असमान फायरिंगवर लिहिण्यापूर्वी माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. १९९२ मध्ये होंडाने एनएसआर ५०० या दोन-स्ट्रोक गाडीत चारही सिलिंडर क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, सुमारे ७० अंश फिरण्याच्या आतच पेटवायला सुरुवात केली. तिला 'बिग बँग' म्हणू लागले. होंडाचा स्वार मिक डूहन याने त्या वर्षीच्या पहिल्या चारही शर्यती जिंकल्या आणि बाकीच्या कंपन्यांनी घाईघाईने तीच वाट धरली. सांगितले गेलेले कारण असे की एका ठोक्यानंतर पुढचा ठोका येईपर्यंत टायरला सावरायला उसंत मिळते.

परंतु त्याच डूहनने १९९७ मध्ये समान अंतराने पेटणारे जुन्या पद्धतीचे इंजिन परत मागून घेतले आणि १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. टायरला उसंत देणे हेच खरे कारण असते, तर हे घडायला नको होते. त्यामुळे 'टायरची विश्रांती' ही पत्रकारांना आवडलेली गोष्ट आहे, अभियांत्रिकी नव्हे, असा माझा संशय आहे.

गोदातीर (नांदेड)

दुधना यांचा आक्षेप रास्त आहे, आणि उसंतीच्या स्पष्टीकरणावर माझाही पूर्ण विश्वास नाही. त्याहून भक्कम स्पष्टीकरण यामाहाच्या गाडीत सापडते, म्हणून तिकडे वळतो.

साध्या चार सिलिंडरी इंजिनात क्रँकच्या चारही पिना एकाच प्रतलात असतात. त्यामुळे दोन पिस्टन वर आणि दोन खाली असताना चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात, आणि मधल्या धावेत चारही एकाच वेळी जोरात पळतात. थांबलेल्या पिस्टनला पळवण्यासाठी क्रँक स्वतःची ऊर्जा देतो आणि पिस्टन थांबताना ती परत घेतो. या देवघेवीमुळे क्रँकवर मागेपुढे झटके बसतात. हे झटके फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतात, म्हणून वरच्या फेऱ्यांना ज्वलनातून मिळणाऱ्या पिळापेक्षाही (टॉर्कपेक्षाही) ते मोठे होतात. स्वाराच्या मनगटाला आणि मागच्या टायरला मग जे जाणवते त्यात इंधनाच्या पिळाबरोबर हा निरर्थक हेलकावाही मिसळलेला असतो.

यामाहाने २००४ च्या एम१ गाडीत क्रँकच्या पिना ९० अंशांनी फिरवून दोन प्रतलांत बसवल्या. मासाओ फुरुसावा यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. या रचनेत दोन पिस्टन थांबलेले असताना दुसरे दोन पूर्ण वेगात असतात, म्हणून एकाने परत दिलेली ऊर्जा दुसरा घेतो आणि क्रँकवरचा हेलकावा जवळपास नाहीसा होतो. उरतो तो फक्त ज्वलनाचा पिळ. पेटण्याची अंतरे २७०, १८०, ९० आणि १८० अंश अशी वाकडी येतात, पण ती या रचनेचा परिणाम आहेत. हेतू तो नव्हताच. व्हॅलेंटिनो रॉसीने त्या हंगामाची पहिलीच शर्यत दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला या गाडीवर जिंकली.

आता डूहनकडे परत येऊ. समान अंतराचे इंजिन वरच्या फेऱ्यांना अधिक शक्ती देत होते, आणि १९९२ ते १९९७ या काळात टायर बरेच सुधारले होते. चाक घसरू लागले की ते मनगटाने सांभाळण्याची डूहनची हातोटी इतरांकडे नव्हती. ज्या स्वाराला इंजिनाकडून मदत लागत नाही त्याने शक्ती मागावी, यात विसंगती काही नाही. इतरांसाठी मात्र हिशेब असा की मनगट आणि टायर यांच्यातले नाते जितके सरळ, तितका स्वार टायरच्या मर्यादेच्या जवळ जाऊ शकतो.

गॅरेजवाला (बीड)

सरांच्या लिखाणाला जोडून एक गाऱ्हाणे मांडतो. रेसिंगचा आवाज हवा म्हणून सायलेन्सर कापून सरळ नळी लावून मागणारी मुले आमच्याकडे रोज येतात. एका दुकानाने तर 'पाच अश्वशक्ती वाढतील' असे सांगून एका गिऱ्हाइकाला नळी आणि इंजिनाच्या संगणकाचा नवा मॅप (इंधन-ठिणगीचे कोष्टक) दोन्ही विकले होते; ती गाडी मधल्या फेऱ्यांना ओढेनाशी झाली, तेव्हा माझ्याकडे आली. शर्यतीच्या गाडीची नळीही उघडीच दिसते, पण तिची लांबी आणि जाडी मोजून ठरवलेली असते, कारण बाहेर पडणाऱ्या वायूची दाबलाट नळीच्या टोकावरून उलटी फिरते आणि योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तरच सिलिंडर नीट रिकामा होतो. भलत्या लांबीची नळी हीच लाट भलत्या वेळी आणते. सायलेन्सर कापून आवाज वाढतो, गाडी पळत नाही.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर सरावाच्या दिवसांना जाते. आपल्या विभागात असा ट्रॅक नाही, आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही, तेव्हा हे अंतर कापावेच लागते. गोदातीर सरांनी टायरला मध्यभागी ठेवले आहे म्हणून तिथे पाहिलेले लिहिते.

सत्र संपवून गाडी आत आली की अनुभवी मेकॅनिक घड्याळाकडे पाहत नाहीत, आधी मागच्या टायरच्या कडेवर अंगठा फिरवतात. रबर पुरेसे तापलेले नसताना त्याच्यावर जोर पडला असेल, तर पृष्ठभाग खरबरीत उचकटलेला असतो आणि पापुद्र्यांच्या कडा नखाला अडकतात. टायर प्रमाणाबाहेर तापला असेल, तर रबराच्या वळ्या होऊन त्या कडेला गोळा झालेल्या असतात आणि पृष्ठभागावर निळसर चकाकी दिसते. दोन्हींच्या मधली, बारीक वाळूच्या कागदासारखी एकसारखी झीज हवी असते. बऱ्याचदा पाना न उचलता हवेचा दाब थोडासा बदलूनच पुढच्या सत्राची सुरुवात होते.

मोटोजीपीतही हाच दाब सध्या वादाचा विषय आहे. पुढच्या टायरसाठी, टायर पुरवणाऱ्या मिशेलिनने २०२३ मध्ये १.८८ बारची किमान मर्यादा घातली होती आणि २०२४ मध्ये ती १.८० बारवर आणली. दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून गेले की पुढची गरम हवा टायरवर येते, दाब वाढतो, टायर फुगून त्याचा टेकलेला भाग आक्रसतो आणि ब्रेक लावताना पुढचे चाक निसटू पाहते. म्हणून संघ सुरुवातीचा दाब शक्य तेवढा खाली ठेवतात. मात्र स्वार आघाडीवर एकटाच पळू लागला तर टायर थंड राहतो आणि मर्यादेखाली गेल्याबद्दल शर्यतीनंतर त्याच्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. स्वार मुद्दाम मागे राहून टायर तापवून घेतात, हे मला फारच विचित्र वाटते, पण नियम असाच आहे.

माझा प्रश्न चॅसिसचा आहे. अधिक कडक चौकट म्हणजे अधिक चांगली चौकट, असे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले गेले. मग डुकाटीची कार्बन फायबरची गाडी का फसली?

तिसरी पाळी (वाळूज)

ताई, याचे उत्तर सरांनी दिलेल्या ६० अंशांतच आहे. उभ्या गाडीचे शॉकअप वरखाली हलते आणि रस्त्याचा खड्डाही वरखालीच असतो, म्हणून दोघांचे जमते. गाडी ६० अंश झुकली की शॉकअपची दिशा जवळजवळ आडवी होते. रस्त्याच्या उंचवट्याने दिलेल्या धक्क्याचा निम्माच भाग शॉकअपच्या दिशेने जातो आणि उरलेला चाकाला आडवा ढकलतो. त्यातच वळणाच्या जोराने शॉकअपवरचा भार उभ्या स्थितीच्या दुप्पट झालेला असतो, म्हणजे ते आधीच दबलेले असते. तेव्हा वळणाच्या मध्यावर आडवे धक्के झेलायला चौकट, पुढच्या फोर्कच्या नळ्या आणि मागचे चाक धरणारा स्विंगआर्म यांचे थोडे आडवे वाकणे एवढेच उरते.

म्हणून आजची चौकट ब्रेक लावण्याच्या आणि पिळाच्या दिशेने ताठ, पण आडव्या दिशेने ठरवून लवचीक ठेवतात. स्पॅनिश अभियंते अँटोनियो कोबास यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेली ॲल्युमिनियमच्या दोन तुळयांची चौकट अजून टिकून आहे, ती याच कारणाने: तुळईची भिंत कुठे किती पातळ करायची हे मशीनवर सहज बदलता येते. डुकाटीने २००७ चे विजेतेपद केसी स्टोनरबरोबर पोलादी नळ्यांच्या जाळीच्या चौकटीवर मिळवले, २००९ पासून कार्बन फायबर वापरला आणि रॉसी तिथे असतानाच्या २०११ व २०१२ या दोन हंगामांत एकही शर्यत जिंकली नाही. त्याच काळात ती कंपनी ॲल्युमिनियमकडे वळली. कार्बनचा दोष असा की तो धक्का पोटात घेतो, पण स्वाराला पुढच्या टायरची चाहूल देत नाही, असे स्वार सांगत. तरी पदार्थच निकामी आहे असे मी म्हणणार नाही, कारण केटीएमने २०२३ च्या हंगामाच्या उत्तरार्धात पोलाद सोडून कार्बनची चौकट आणली. थर कोणत्या कोनात आणि किती रचायचे, यावर सगळे अवलंबून आहे.

मांजराकाठ (लातूर)

चौकटीचे हे कारण मला अजिबात माहीत नव्हते. दोन छोटे प्रश्न: कार्बनचे ब्रेक आपल्या रस्त्यावरच्या गाडीला का लावत नाहीत? आणि सीमलेस गिअरबॉक्स म्हणजे केवळ वेळेची बचत का?

गोदातीर (नांदेड)

ब्रेकचे उत्तर थोडक्यात देता येते. ताशी ३४० किलोमीटरवरून ९० वर येताना २४० किलोची गाडी सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा सोडते. तेवढ्या उष्णतेने तीन लिटर पाणी चुलीवर ठेवावे तसे काही सेकंदांत उकळीला येईल. त्यातला काही भाग हवेचा रोध घेतो, उरलेला बहुतांश पुढच्या दोन चकत्यांत जातो. कार्बनची चकती साधारण अडीचशे अंशांखाली नीट धरत नाही आणि आठशे अंशांपर्यंत आपली पकड सोडत नाही. बाजारात जाऊन भाजी आणणाऱ्याच्या चकत्या कधीच तेवढ्या तापणार नाहीत, म्हणजे पहिल्याच चौकात ब्रेक लागणार नाही. जपानच्या मोतेगीसारख्या ट्रॅकवर जोरदार ब्रेक वारंवार लागतात, म्हणून तिथे ३४० मिलिमीटरपेक्षा लहान चकत्यांना परवानगी नसते.

गिअरबॉक्सविषयी: होंडाने २०११ मध्ये आणलेल्या सीमलेस रचनेत पुढचा गिअर आधीच्या गिअरने सोडण्यापूर्वीच पकडलेला असतो. वाचणारा वेळ फेरीमागे फारसा नाही. खरा लाभ असा की झुकलेल्या गाडीत गिअर बदलताना रेटा तुटून परत येत नाही, त्यामुळे टायरला झटका बसत नाही आणि स्वार पूर्वी जिथे हात लावत नव्हता त्या वळणाच्या मध्यावरही गिअर बदलतो. पुन्हा टायरच!

उन्हाळकरी (परभणी)

सर्वांनी पकडीवर लिहिले, मी हवेवर लिहितो, कारण परभणीत मे महिन्यात दुसरे काही सुचत नाही. १५ अंशांच्या मानाने ४२ अंशांच्या हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी कमी असते, आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या साडेपाचशे मीटरहून थोड्या उंच ठिकाणी ती आणखी पाचेक टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेले इंजिन जेवढा प्राणवायू आत घेते तेवढेच इंधन जाळू शकते, म्हणून शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. म्हणूनच या गाड्यांचे हवेचे तोंड अगदी पुढे, हवेचा दाब सर्वाधिक असतो तिथे ठेवलेले असते.

आपल्या देशातील पहिली मोटोजीपी शर्यत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २४ सप्टेंबर २०२३ रोजी झाली, तेव्हा उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली. मार्को बेझेक्की जिंकला आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन शेवटी पाण्याच्या कमतरतेने कोसळण्याच्या बेतात होता. यंत्राचे वजन ग्रॅममध्ये मोजणाऱ्यांना माणसाच्या पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो, एवढे यावरून कळले.

इंधनाचे एक सांगतो. २०२४ पासून मोटोजीपीच्या इंधनातला किमान ४० टक्के भाग खनिज तेलाखेरीज अन्य स्रोतांतून यावा लागतो आणि २०२७ पासून तो १०० टक्के असेल. उसाच्या आपल्या पट्ट्यात इथेनॉलची चर्चा चालू असताना हे जवळचे वाटते. परंतु शर्यतीचे इंधन प्रयोगशाळेत नेमक्या घटकांनी जुळवलेले असते, त्याची पंपावरच्या ई-२० शी बरोबरी करू नये.

दुधना (जालना)

आक्षेप घेणे माझ्याकडेच आले आहे, तर आणखी एक घेतो. पंख आणि गाडी खाली बसवणारी यंत्रणा यांनी शर्यतीतली ओव्हरटेक जवळपास मारून टाकली. डुकाटीने २०१५ मध्ये पंख आणले, २०१७ पासून बाहेर आलेल्या पंखांवर बंदी आली आणि सर्वांनी तेच पंख फेअरिंगच्या (गाडीच्या बाहेरच्या आवरणाच्या) आत वळवून बसवले. ही टायरची सेवा आहे की प्रेक्षकांची फसवणूक?

गोदातीर (नांदेड)

सेवाच आहे, पण महागडी. पुढचे चाक १ जीच्या आसपास उचलते, हे वर पाहिले. त्यावर दोनच उपाय आहेत: पुढच्या चाकावर हवेचा दाब वाढवा, किंवा गुरुत्वमध्य खाली आणा. पंख पहिले काम करतात. वळणातून बाहेर पडताना मागचा भाग खाली बसवणारी यंत्रणा दुसरे. दोन्हींमुळे वापरता न येणाऱ्या रेट्यातला काही भाग वापरात येतो. दुधना म्हणतात तो दोषही खरा आहे. पुढच्या गाडीच्या पंखांनी घुसळलेली हवा मागच्या गाडीचे पंख निकामी करते आणि तिच्या पुढच्या टायरला गार हवा मिळू देत नाही. खामकाठ यांनी सांगितलेला दाबाचा घोळ बराचसा यातूनच आला आहे.

२०१६ पासून सर्वांना मॅग्नेटी मारेलीचा एकच संगणक आणि एकच प्रणाली वापरावी लागते. ती पुढच्या व मागच्या चाकाच्या वेगातला फरक, झुकण्याचा कोन आणि थ्रॉटल यांवरून घसरण किती होऊ द्यायची हे ठरवते. घसरण शून्य ठेवत नाहीत. रबर थोडे घसरत असतानाच सर्वाधिक पकड देते. गाडी धावत असताना तिच्यातली माहिती संघाला थेट पाहता येत नाही, ती गाडी आत आल्यावरच उतरवून घेतात. हे बंधन मला पटते, नाही तर गाडी पिटमधून, म्हणजे संघाच्या गॅरेजमधून, चालवणारा कोणी आणि मनगट दुसऱ्याचेच अशी अवस्था झाली असती.

तिसरी पाळी (वाळूज)

२०२७ चे नियम या वादावरचे उत्तर म्हणूनच आले आहेत. इंजिन ८५० सीसीचे, बोअर कमाल ७५ मिलिमीटर, टाकी २२ ऐवजी २० लिटरची, किमान वजन १५३ किलो, खाली बसवणारी यंत्रणा पूर्ण बंद, पंख लहान, आणि टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. हिशेब करून पाहिला, तर कमाल बोअर घेतल्यावर स्ट्रोक ४८.१ मिलिमीटर येतो, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा मिलिमीटरही कमी नाही. पिस्टनची धाव तीच राहिली, म्हणून फेरे वाढवून शक्ती भरून काढण्याची वाट बरीचशी बंद झाली. नियम लिहिणाऱ्यांनी सीसीबरोबर बोअरलाही कुलूप घातले ते विचार करून.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

शेवटचा एक प्रश्न. मोटोजीपीत क्रँक उलट्या दिशेने फिरवतात असे वाचले. त्यासाठी एक गिअर अधिक लागतो आणि त्यात शक्ती वाया जाते. मग हा तोटा का पत्करतात?

गोदातीर (नांदेड)

चाकांच्या दिशेने फिरणारा क्रँक चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामात भर घालतो, त्यामुळे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर लोळवायला जड जाते. उलटा फिरणारा क्रँक त्यातला काही भाग वजा करतो. दुसरे असे की थ्रॉटल उघडल्यावर क्रँकचे फेरे वाढतात तेव्हा त्याची प्रतिक्रिया चॅसिसवर विरुद्ध दिशेने येते. क्रँक उलटा असला तर ही प्रतिक्रिया पुढचे चाक खाली दाबते. अधिकच्या गिअरात जी थोडी शक्ती जाते ती अशीही वापरता येत नव्हतीच, हे पहिल्या प्रतिसादातल्या आकड्यांवरून दिसेल. होंडा बराच काळ सरळ क्रँकवर अडून राहिली आणि २०१६ मध्ये तिनेही दिशा बदलली.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. धागा उघडा ठेवतो. पिरेलीच्या टायरवर नव्या गाड्यांच्या चाचण्यांचे आकडे कोणाला मिळाले, तर येथेच द्यावेत. विशेषतः पुढच्या टायरच्या किमान दाबाचा नियम तसाच राहतो की बदलतो, हे मला पाहायचे आहे.